हाडात विरणारी काच

गाविलगडाचा तट ज्या काळ्या दगडाचा आहे, तोच दगड चिखलदऱ्याच्या पठाराखाली थरावर थर पसरलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. या बेसॉल्टचा ताजा फोडलेला तुकडा भिंगाखाली धरला, तर त्यात बारीक पांढुरक्या काड्या चमकताना दिसतात. ते फेल्डस्पारचे स्फटिक. लाव्हा सावकाश निवला, अणूंना आपापली जागा शोधायला सवड मिळाली, म्हणून ते घडले. असाच लाव्हा पाण्यात पडला किंवा थंड जमिनीला टेकला, की त्याच्या कडेला पातळ, काळी, चकचकीत पापडी धरते. तिच्यात काड्या नसतात, कितीही मोठं भिंग घ्या. रसायन दोन्हीकडे एकच. फरक एवढाच, की पापडीतले अणू जागेवर बसायच्या आत जखडले गेले. भूगर्भशास्त्रज्ञ तिला काचच म्हणतात.

वऱ्हाडात याहून नवलाचा दाखला आहे, तो बुलढाणा जिल्ह्यात लोणारला. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर अशनीच्या आघाताने पडलं. त्या धक्क्यात तिथल्या बेसॉल्टमधले काही फेल्डस्पारचे स्फटिक न वितळताच काच होऊन बसले. त्याला मॅस्केलिनाइट म्हणतात. त्याचा पातळ काप ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तबकडी फिरवली, की शेजारचे साबूत स्फटिक उजळतात, मावळतात, पुन्हा उजळतात; हा मात्र तबकडी पूर्ण फिरली तरी काळाच राहतो. कडा बघाव्यात तर अजून स्फटिकाच्या, आतली शिस्त मात्र पार मोडलेली.

काच म्हणजे खिडकीतली पारदर्शक वस्तू, हा समज वाचकाने इथेच सोडून द्यावा. घन पदार्थ आहे, पण त्यातल्या अणूंची दूरवर टिकणारी, पुन्हा पुन्हा येणारी रांग नाही, एवढं झालं की ती काच. मग ती वाळूची असो, लाव्ह्याची असो की धातूची. हे पुस्तक धातूच्या काचेवर आहे. त्यातही अशा एका काचेवर, जी मोडलेल्या हाडाला काही महिने धरून ठेवेल आणि काम झालं की शरीरातच विरून जाईल.

असल्या विषयाची प्रस्तावना चिखलदऱ्यापासून का सुरू केली, याचं कारण फक्त दगड नाही.

चिखलदरा ज्या डोंगराळ मुलखात आहे, त्या मेळघाटात हाड मोडायला निमित्तं पुष्कळ. चारोळी किंवा मध काढायला चढलेला माणूस झाडावरून पडतो, अस्वल अंगावर येतं, घाटाच्या वळणावर मोटारसायकल घसरते. पूर्वी, आणि बऱ्याच पाड्यांवर आजही, पहिला इलाज बांबूच्या कामट्यांचा. घरचा जाणता माणूस किंवा भुमका, म्हणजे कोरकू आदिवासींचा वैदू, हाड बसवून बांधतो. साध्या मोडीला ते कधी जमूनही जातं. मांडीचं किंवा कोपराचं हाड मात्र असं जमत नाही. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी दवाखाना चालवला, उतावलीला डॉ. आशिष सातव यांनी 'महान' संस्थेचं रुग्णालय उभं केलं, अशा माणसांमुळे डोंगरात औषधोपचार पोचला. तरीही रॉड किंवा प्लेट टाकायची वेळ आली, की बहुतेकदा घाट उतरून परतवाड्याला, अमरावतीला इर्विन रुग्णालयात, नाहीतर अकोल्याला जावं लागतं.

आणि एकदा जाऊन भागत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरातली प्लेट त्रास देत नसेल तर डॉक्टर ती पुष्कळदा तशीच ठेवतात. पण वाढत्या वयाचं मूल असेल, कातडीखाली स्क्रू टोचत असेल किंवा जंतुसंसर्ग झाला असेल, तर धातू बाहेर काढावा लागतो. म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा सोबतीला येणाऱ्याची बुडालेली मजुरी. "हे लोखंड कवा काढता जी?" हा प्रश्न आमच्या भागातल्या कुठल्याही हाडांच्या डॉक्टरला नवा नाही. शहरातल्या माणसाला दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे गैरसोय वाटते. मजुरीसाठी गाव सोडून मैदानात उतरणाऱ्या कोरकू घराला ती अख्ख्या हंगामाची कमाई बुडवू शकते. म्हणून बरेच जण काढायला जातच नाहीत, आणि मूल वाढतं तशी ती प्लेटही हाडात रुतत जाते.

विरघळणाऱ्या रोपणाची कल्पना या अडचणीवर थेट बोट ठेवते. कल्पना नवीही नाही. १८७८ साली एडवर्ड ह्यूज या वैद्याने रक्तस्राव थांबवायला मॅग्नेशियमच्या तारेने रक्तवाहिन्या बांधल्या होत्या. त्यानंतर बेल्जियमचे शल्यविशारद आल्बँ लाँबोत यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एका मुलाच्या पायाच्या मोडलेल्या हाडावर मॅग्नेशियमची पट्टी पोलादी स्क्रूंनी बसवली. निष्पत्ती भयंकर. दुसऱ्याच दिवशी पाय सुजला, कातडीखाली वायूचे फुगे साचले आणि काही दिवसांत पट्टीचा चुरा झाला. चूक कुठे झाली ते आज महाविद्यालयातला विद्यार्थीही सांगेल. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकवून खारट द्रवात ठेवले की त्यांची विजेची घटमाळ तयार होते आणि त्यातला हळवा धातू झपाट्याने खपतो. लाँबोत यांनी पोलाद सोडलं, आणि त्यांचे शिष्य व्हरब्रुग यांच्यासह मॅग्नेशियमवरचं काम पुढे अनेक वर्षं चालू ठेवलं. ही चिकाटी मला त्यांच्या अपयशाइतकीच मोलाची वाटते.

मॅग्नेशियम का निवडायचं, याला सबळ कारणं आहेत. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतंच, त्यातलं निम्म्याहून अधिक हाडांत. शरीराला ते परकं नाही. जास्त झालं तर मूत्रपिंडं बाहेर टाकतात. शिवाय त्याचा ताठपणा हाडाच्या जवळ जातो. पोलादाचा लवचिकता गुणांक २०० गिगापास्कलच्या घरात, टायटॅनियमचा ११०, मॅग्नेशियमचा ४५ आणि हाडाच्या कठीण कवचाचा साधारण १० ते ३०. पोलादाची पट्टी इतकी ताठ, की बहुतेक भार तीच उचलते. भार न मिळालेलं हाड झिजायला लागतं. मॅग्नेशियम हाडाला त्याच्या वाटणीचं काम करू देतं.

पण एक ग्रॅम मॅग्नेशियम पाण्याशी संयोग पावताना जवळजवळ एक लिटर हायड्रोजन सोडतं. बाहेर प्रयोगशाळेत हा वायू उडून जातो. मांसाच्या दोन थरांमध्ये जायला वाट नसते. त्याच वेळी धातूवर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा थर धरतो खरा, पण आपल्या रक्तात आणि ऊतींत मीठ आहे, आणि त्यातला क्लोराइड हा थर पोखरतो. गेलं शतकभर या क्षेत्रातली खरी झुंज इथेच चालली आहे. धातू विरायला हवा, पण घाईने नको. हाड सांधायला काही आठवडे ते काही महिने लागतात. तोवर आधार टिकला पाहिजे आणि नंतर तो रेंगाळताही कामा नये.

इथे अणूंची रचना आड येते, आणि तिथेच उपायही सापडतो.

वरूड-मोर्शीच्या बाजारात संत्र्यांचा ढीग रचणारा माणूस प्रत्येक संत्र तीन संत्र्यांच्या खळगीत बसवतो. त्या रचनेत फळांनी व्यापलेली जागा ७४ टक्के असते, याहून घट्ट रचना शक्य नाही. बहुतेक धातूंचे अणू असेच बसतात, मॅग्नेशियमचेही. तीच संत्री टोपलीतून पेटीत ओतून हलवली तर ती ६४ टक्क्यांच्या आसपास अडकतात. प्रत्येक फळ शेजाऱ्याला टेकलेलं, हलायला जागा नाही, आणि तरी रांग म्हणून नाही. धातुकाचेचं पहिलं चित्र हेच होतं. जे. डी. बर्नल यांनी ते लंडनमध्ये प्रत्यक्ष करून पाहिलं: मऊ मातीचे गोळे खडूच्या भुकटीत घोळवून एकत्र दाबले, मग एकेक गोळा सोडवून त्यावर शेजाऱ्यांच्या दाबाने किती सपाट बाजू उमटल्या ते मोजलं. त्यांना त्यात पंचकोनी बाजू फार आढळल्या. बर्नल यांचा मूळ प्रश्न द्रवांचा होता, धातूच्या काचेचा नव्हे; पण उत्तर इकडेही कामाला आलं.

पंचकोन महत्त्वाचा का? एका अणूभोवती बारा अणू सगळ्यात आटोपशीर बसवायचे तर वीस त्रिकोणी बाजूंचा घन तयार होतो, आणि त्याच्या अंगी पाचपदरी सममिती असते. एकट्या जुडग्याला ती रचना फायद्याची. पण पंचकोनी फरशी जोडून अंगण भरत नाही, फटी राहतातच. तसे हे घनही जागा भरून एकसारखे पुढे जाऊ शकत नाहीत. एफ. सी. फ्रँक यांनी १९५२ साली हीच गोष्ट सांगितली होती. वितळलेला धातू गोठणबिंदूच्या खूप खालीही द्रव राहू शकतो, कारण त्यातले अणू या छोट्या जुडग्यांत गुंतलेले असतात आणि स्फटिकाच्या रांगेत उभं राहायचं तर आधी ती जुडगी मोडावी लागतात. म्हणजे काचेत बेशिस्त आहे असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. पाच-दहा अणूंपर्यंत तिथे चांगली शिस्त असते. फक्त ती पुढे चालत नाही.

धातूची पहिली काच १९६० साली कॅलिफोर्नियात पॉल ड्यूवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली: चार अणूंपैकी तीन सोन्याचे, एक सिलिकॉनचा. वितळलेला थेंब थंड तांब्यावर आपटून सेकंदाला दहा लाख अंशांच्या वेगाने निववला, तेव्हा कुठे मायक्रोमीटरमध्ये मोजावी अशी पातळ पापडी मिळाली. क्ष-किरणांच्या आलेखात स्फटिक असेल तर उंच, टोकदार रेषा येतात. इथे आला एक पसरट उंचवटा. धातूच्या काचा आज आपल्याला वाटतात तितक्या दुर्मीळ नाहीत, हेही सांगून टाकतो: लोखंड, बोरॉन, सिलिकॉनच्या अशाच काचेच्या फिती वितरण रोहित्रांच्या गाभ्यात वापरल्या जातात, म्हणजे एखाद्या गावाच्या डीपीत ती काच आत्ताही गुणगुणत असेल. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झिर्कोनियमच्या काचांवर जुनं काम आहे.

पापडीवरून सळईपर्यंत यायला मात्र तीन दशकं गेली. जपानात सेंदाईला अकिहिसा इनोउए यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिलं, की निवण्याचा वेग वाढवण्यापेक्षा मिश्रण हुशारीने निवडावं. किमान तीन मूलद्रव्यं घ्या, त्यांच्या अणूंच्या आकारांत साधारण १२ टक्क्यांहून अधिक फरक असू द्या आणि त्यांचं एकमेकांशी सख्य हवं, म्हणजे मिसळताना उष्णता बाहेर पडली पाहिजे. अशा मिश्रणात लहान अणू मोठ्यांच्या फटीत बसतात, सगळं दाट होतं आणि कुणालाच सहज हलता येत नाही. आपल्या विषयातली त्रयी या कसोट्यांवर चपखल उतरते. कॅल्शियमच्या अणूची त्रिज्या १९७ पिकोमीटर, मॅग्नेशियमची १६०, जस्ताची १३० ते १४०. कॅल्शियम आणि जस्ताची ओढ तर जबर. आणि तिन्ही शरीरात आधीपासून आहेत. निसर्गाने इतकं सोयीचं गणित क्वचितच मांडून दिलेलं असतं.

आता मुद्द्याची गोष्ट. स्फटिकी मॅग्नेशियमला जस्त फारसं सोसत नाही. सगळ्यात अनुकूल तापमानालाही १०० अणूंमागे अडीचाच्या आत जस्त त्याच्या रांगेत सामावतं. जास्त घातलं तर ते वेगळी संयुगं करून कणांच्या कडेला जमतं, आणि लाँबोत यांच्या पोलादी स्क्रूने जे केलं तेच ही संयुगं धातूच्या पोटात राहून करतात. काचेला रांगच नाही, त्यामुळे रांगेत कोण मावतं हा प्रश्नच उरत नाही. १०० अणूंमागे ३० काय, ३५ जस्त घाला, ते एकजीव राहतं.

झुरिकमधल्या ब्रूनो झ्बेर्ग, पेटर उगोवित्सर आणि यॉर्ग ल्योफ्लर यांनी २००९ साली हेच दाखवलं. ५ टक्के कॅल्शियम कायम ठेवून त्यांनी जस्त वाढवत नेलं. अणूंमध्ये जस्ताचा वाटा २८ टक्क्यांच्या पुढे गेला आणि हायड्रोजन निघणं एकदम घटलं, कारण पृष्ठभागावर जस्त आणि ऑक्सिजनने भरलेला दाट थर धरायला लागला, जो क्लोराइडला सहजी बधत नाही. पुढे डुकरांच्या शरीरात तबकड्या बसवून पाहिल्या. नेहमीच्या मॅग्नेशियमभोवती दिसणारे वायूचे पोकळ फुगे या काचेभोवती दिसले नाहीत. शंभर वर्षांपूर्वी लाँबोत यांच्या रुग्णाला जे सोसावं लागलं, त्याचं उत्तर अखेर अणूंच्या मांडणीत निघालं.

धातुकाचेचं कौतुक बहुतेक लेखांत तिच्या ताकदीसाठी होतं. ती ताकदवान आहे यात शंका नाही: रांगा नसल्यामुळे रांगा घसरण्याची सोय नाही, म्हणून दाबाखाली ती साध्या मॅग्नेशियमच्या कितीतरी पट सोसते. पण रोपणाच्या बाबतीत मला ही ताकद दुय्यम वाटते. काचेने दिलेली खरी मोकळीक मिश्रणाची आहे. ज्या प्रमाणात दोन धातू एरवी नांदलेच नसते, त्या प्रमाणात ती त्यांना नांदवते. पुस्तकाची मधली तीन प्रकरणं याच विधानाभोवती फिरतात, आणि ज्याला घाई आहे त्याने सरळ तिथूनच वाचायला हरकत नाही.

ही रचना प्रत्यक्ष कुणी पाहिली आहे का, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. फार काळ उत्तर 'अप्रत्यक्षपणे' असंच होतं. क्ष-किरण आणि न्यूट्रॉन यांच्यावरून अणूंची सरासरी अंतरं कळतात, जागा नाही. बाकीचं संगणकावर रचावं लागे. २०२१ साली लॉस एंजेलिसमध्ये जियानवेई मियाव यांच्या गटाने आठ धातूंच्या एका काचकणाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने वेगवेगळ्या कोनांतून चित्रं घेतली आणि त्यातल्या सुमारे १८,००० अणूंच्या जागा एकेक करून ठरवल्या. मॅग्नेशियम, जस्त, कॅल्शियमच्या काचेबाबत मात्र आपण आजही मुख्यत्वे संगणकी प्रतिकृतींवरच विसंबून आहोत. हे हलके अणू इलेक्ट्रॉनच्या माऱ्याखाली जागेवर थांबत नाहीत.

आता खोड्यांकडे वळतो, कारण त्या लपवून हा विषय मांडणं म्हणजे फसवणूक.

पहिली खोडी लाव्ह्याचीच. कडेला काच, आत स्फटिक. उष्णता मधून बाहेर यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणून तांब्याच्या साच्यात ओतलेली ही काच चार-पाच मिलिमीटर जाडीपर्यंतच पूर्ण काच राहते. मांडीच्या हाडाला तेवढ्याने भागत नाही. मनगट, बोटं, जबडा, लहान मुलाच्या कोपराची तार, इथवर तिची झेप. दुसरी खोडी ओतकामाची. मॅग्नेशियम ६५० अंशांना वितळतं आणि हवेत पेट घेतं. जस्त ९०७ अंशांना उकळून निघून जातं. त्यामुळे भट्टीत आर्गॉन भरावा लागतो, आणि तरी मिश्रण ओतताना हिशेब चुकतो.

तिसरी खोडी ठिसूळपणाची, आणि ती सगळ्यात वाईट. पोलाद वाकतं, वाकताना इशारा देतं. ही काच इशारा न देता तडकते. शिवाय ती ठेवल्या ठेवल्या म्हातारी होते: अणू साध्या तापमानालाही किंचित सरकतात, उरलीसुरली मोकळी जागा आटते आणि काही आठवड्यांत आधीच कमी असलेली लवचिकता आणखी कमी होते. ती मऊ पडण्याचं तापमानही खाली, शंभर अंशांच्या आसपास. शस्त्रक्रियेची हत्यारं आपण ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांच्या वाफेत निर्जंतुक करतो. तालुक्याच्या दवाखान्यात सहज हाती असलेला हा एकच खात्रीचा मार्ग या काचेला बंद आहे. तिला गॅमा किरण लागतात किंवा इथिलीन ऑक्साइड. ज्या मेळघाटाचं नाव घेऊन मी सुरुवात केली, तिथल्या उपयोगाच्या आड ही खोडी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त येणार आहे.

या सगळ्यामुळे शर्यतीत पुढे गेलं ते स्फटिकी मॅग्नेशियम. जर्मनीत हॅनोव्हरच्या कंपनीने केलेल्या मॅग्नेशियमच्या स्क्रूला २०१३ साली युरोपात परवानगी मिळाली, त्यानंतर कोरियातही मॅग्नेशियम, कॅल्शियम, जस्ताचा स्क्रू मान्य झाला. ते दोन्ही काच नव्हेत. काचेचं काम अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर चालू आहे. तिची भुकटी करून छपाईयंत्राने थर देता येतील का, तिच्यात मऊ धातूचे कण मिसळून ठिसूळपणा मोडता येईल का, हाडाऐवजी टाके आणि रक्तवाहिन्यांच्या जाळ्यांसाठी ती पातळ तार म्हणून वापरता येईल का, असे प्रयत्न सुरू आहेत. पातळ तारेत ही काच आपटून मोडण्याऐवजी चक्क वाकते, हे त्यातलं आशेचं लक्षण.

वाचकाने बारावीपर्यंतचं रसायन आणि भौतिक वाचलेलं असावं, एवढीच अपेक्षा. गणित आहे, पण ते चौकटीत वेगळं ठेवलं आहे. 'काचसंक्रमण तापमान', 'कणसीमा' असे शब्द पहिल्यांदा येतात तिथेच समजावले आहेत, आणि 'स्क्रू', 'रॉड', 'प्लेट' यांना मराठी पर्याय शोधत बसलो नाही. इर्विनच्या वॉर्डातला रुग्णही तेच शब्द वापरतो. पाचव्या प्रकरणातले गंजण्याचे प्रयोग महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करता येण्याजोगे आहेत. मॅग्नेशियमची फीत, मिठाचं पाणी, उलटी धरलेली मोजनळी एवढं साहित्य पुरतं. पाणी ३७ अंशांवर ठेवा, आणि वायूची नोंद पहिल्या तासात दर पाच मिनिटांनी घ्या.